इराणच्या बॉम्बचं करायचं काय? लोकलमधला वाद इथे आणतोय

गोवंडीचा_गडी:
काल वडाळ्याच्या पुढे गाडी अर्धा तास रखडली आणि आमच्या ग्रुपमध्ये जुंपली. एकाचं म्हणणं, शत्रू बॉम्ब बनवतोय दिसलं की उडवून टाकायचं, इस्रायलने १९८१ ला इराकची ओसिराक अणुभट्टी उडवली तशी, विषय खल्लास. दुसरा म्हणे बोलून मिटवा. जून २०२५ ला नतांझ, फोर्डो, इस्फहान या इराणच्या अणुकेंद्रांवर सगळीकडे बॉम्ब पडले, मग मिटलं का?

चेंबूर_नाका:
मिटतंय कुठलं. ओसिराकची अर्धीच गोष्ट सांगतात राव. भट्टी गेली, पण सद्दामने पुढे गुपचूप काम चालू ठेवलं आणि ते किती पुढे गेलेलं हे १९९१ च्या युद्धानंतर तपासनीस आत शिरले तेव्हा कळलं. इराणचं बघ, अमेरिका आणि इतर देशांशी झालेल्या २०१५ च्या करारात युरेनियममधला कामाचा भाग ३.६७ टक्क्यांच्या वर न्यायचा नाही आणि साठा ३०० किलोच्या आत, वर तपासनीस बसलेले. २०१८ ला ट्रम्पने करार सोडला, २०२१ ला हे ६० टक्क्यांवर. आणि ६० म्हणजे काय, खाणीतून येतं तेव्हा कामाचं युरेनियम ०.७ टक्के असतं, खरी मेहनत खालच्या टप्प्यात जाते. बॉम्बला ९० च्या आसपास लागतं. म्हणजे चर्चगेटहून निघालेली गाडी नालासोपाऱ्याला उभी आहे, विरार किती लांब?

डोंबिवली_फास्ट:
करार करार काय लावलंय. उत्तर कोरियाशी पण १९९४ ला केलेला ना? २००३ ला एनपीटीतून (अण्वस्त्रं पसरू नयेत म्हणूनचा जागतिक करार) बाहेर, २००६ ला अणुस्फोट.

चेंबूर_नाका:
@डोंबिवली_फास्ट बरोबर, पण लिबियाच्या गद्दाफीने २००३ ला बॉम्बचं सगळं काम सोडून दिलं आणि २०११ ला तो कसा मारला गेला ते तेहरानवाल्यांनी पण टीव्हीवर बघितलंय की.

ट्रॉम्बेची_पोर:
माझं बालपण अणुशक्तीनगरात, म्हणजे ट्रॉम्बेच्या अणुकेंद्राच्या वसाहतीत गेलं म्हणून दोन शब्द. आपल्यावर १९९८ नंतर निर्बंध आले, १९७४ च्या पोखरणनंतर कॅनडाने हात काढून घेतला, (ट्रॉम्बेची सायरस भट्टी त्यांच्याच मदतीने उभी राहिलेली, स्फोटाचं प्लुटोनियम तिथलंच), आपण थांबलो का? मग दुसरा थांबेल असं कसं धरून चालायचं. उलट पाकिस्तानशी १९८८ ला एक करार झालाय, एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला दोघं याद्या देतात. कारगिल झालं, बालाकोट झालं, यादी चुकली नाही. प्रेम वगैरे काही नाही हो, पण माझं घर त्या कुंपणाला लागून होतं, मला ती यादी फार मोठी वाटते.

डोंबिवली_फास्ट:
ताई, ते दोघांकडे बॉम्ब असल्यावरचं. आधीचं काय?

ट्रॉम्बेची_पोर:
आधीचं तपासनीसच. महाग पडतं, कंटाळवाणं असतं, पण आत काय चाललंय ते दिसतं. जुलै २०२५ ला इराणने आयएईएशी (तपासनीस पाठवणारी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था) सहकार्य थांबवायचा कायदा केला, आणि हल्ल्यांआधी ६० टक्केवाला साठा ४०० किलोच्या वर होता. आता तो कुठेय ते बॉम्ब टाकणाऱ्यांनीच सांगावं.

गोवंडीचा_गडी:
हे उद्या ८:१२ ला वाचून दाखवतो. उडवा म्हणणारा नेमका विंडो सीटवर असतो, ऐकल्याशिवाय उठता येणार नाही त्याला.