शब्दचर्चा: गोवा 'मुक्त' झाला, 'विलीन' झाला, की 'सामील'?

तळकोकणी
आमच्या वेंगुर्ल्यातल्या वाचनालयात डिसेंबरात गोवामुक्तीवर फलकांचं प्रदर्शन लावतोय. मूळ मजकूर इंग्रजीत आहे, मराठी करायचं काम माझ्याकडे आलंय. एका फलकावर सर्वोच्च न्यायालयाच्या १९६९ च्या निकालाचा उल्लेख आहे. मुद्दा असा की १९६१ च्या कारवाईनंतर गोव्याचं 'ॲनेक्सेशन' (मुलूख आपल्या राज्याला जोडून घेणं) झालं आणि तिथेच लष्करी ताब्याची अवस्था संपली. मी 'विलीनीकरण' लिहिलं. मदतीला येणाऱ्या पेडण्याच्या एका बाईंनी तो शब्द तिथल्या तिथे खोडला. म्हणाल्या, "विलीनीकरण सदुसष्टला पडलं. एकसष्टला झालं ती मुक्ती."
पण 'मुक्ती' लिहिलं की कोर्टाचा मुद्दाच जातो. 'सामीलीकरण' कागदावर बरं दिसतं, पण बोलताना कुणी म्हणताना ऐकलेलं नाही. काय लिहू?

पेडणेकरीण
बाईंचं शंभर टक्के बरोबर. गोव्यात 'विलीनीकरण' या शब्दाला एकच अर्थ आहे: गोवा महाराष्ट्रात जाणे. १६ जानेवारी १९६७ ला त्यावर मतदान झालं. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं, विरोधात १,७२,१९१. बांदोडकरांचा मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्ष विलीनीकरणवादी, जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स संघप्रदेशवादी, म्हणजे गोवा केंद्रशासितच राहावा म्हणणारा. आमच्या घरात वडील फुलाचे आणि मामा दोन पानांचे (मतपत्रिकेवर विलीनीकरणाला फूल आणि संघप्रदेशाला दोन पानं होती). मामा त्यानंतर कितीतरी चतुर्थ्या आमच्याकडे जेवायला आला नाही. १९६१ ला 'विलीनीकरण' लिहिलंत तर गोव्यातला वाचक समजेल की तुम्ही भलत्याच भांडणाबद्दल बोलताय.

शब्दवेल्हाळ
इकडे मात्र विलीनीकरण म्हणजे संस्थानांचं विलीनीकरण. सावंतवाडी, जंजिरा, सगळ्यांना हाच शब्द लागला. एका जिल्ह्यात एक अर्थ आणि तेरेखोल नदी ओलांडली की दुसरा, म्हणून शब्द टाकून द्यायचा का?
'सामीलीकरण' तर नकोच. अरबी 'शामिल'ला संस्कृत 'करण' चिकटवलेला जोडशब्द आहे तो. 'सामीलनामा' चालतो, कारण तो अख्खा दरबारी भाषेतला आहे. माझी सूचना 'समावेशन'.

रेडीबंदर
समावेशन शाळेतल्या मुलांचं होतं हो, मुलखाचं नाही. मुलूख घेतला तर त्याला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या 'खालसा' म्हणतात. डलहौसीने १८४८ ला सातारा खालसा केला, हे चौथीतल्या पोराला कळतं. ॲनेक्सेशनला इतका नेमका शब्द घरात असताना नवे कशाला घडवायचे?

पेडणेकरीण
रेडीबंदर, 'खालसा' म्हटलं की ज्याचं खालसा झालं तो हक्काचा धनी होता हे आपसूक कबूल होतं. साताऱ्याचे छत्रपती हक्काचे धनी होते. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार गोव्याचा धनी होता का? तुमच्या घरी काय म्हणायचे ते सांगा ना.

रेडीबंदर
आमचे आजोबा सावंतवाडी संस्थानाला 'खालसा झालं' म्हणायचे आणि गोव्याला 'सुटला'. हद्दीपलीकडचा तेरेखोलचा किल्ला आमच्या ओटीवरून दिसतो. त्यांची सख्खी बहीण पलीकडे दिलेली. पंचावन्नच्या गोवामुक्ती सत्याग्रहानंतर येणं-जाणं बंदच झालं, आणि तिच्या सासऱ्यांच्या बाराव्यालासुद्धा यांना जाता आलं नाही. पुढे विषय निघाला की म्हणायचे, "पोर्तुगीज गेले, बरां झालां." मुक्ती वगैरे शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही. 'सुटला' यायचा. तरीही कोर्टाच्या निकालात मी 'सुटला' लिहिणार नाही. तिथे 'खालसा'च.

मोडीवाचक
धनी कोण हा पेडणेकरीणताईंनी काढलेला मुद्दा हलका नाही. त्यावर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात चार वर्षांहून जास्त खटला चालला, आणि त्यात पेशवाईतल्या कागदांचा कीस पडला. इथल्या किती जणांना माहीत आहे कोण जाणे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातातून गेली. दमणहून तिकडे माणसं पाठवायला भारताने वाट दिली नाही. पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये दावा लावला की हा वहिवाटीचा हक्क आमचा आहे. हक्क सिद्ध करायला त्यांनी १७७९ चा पुण्याचा तह आणि त्यानंतरच्या १७८३ आणि १७८५ च्या सनदा पुढे केल्या. म्हणणं असं की मराठ्यांनी ही गावं आम्हाला कायमची दिली, तेव्हापासून सार्वभौम आम्हीच. भारताचं उत्तर: गावं दिली नव्हती, गावांचा बारा हजारांचा वसूल दिला होता. म्हणजे जहागीर, सरंजाम.

आता बघा, 'सरंजाम' या एका शब्दावर केवढं ओझं आलं. सरंजाम म्हणजे चाकरीसाठी लावून दिलेलं उत्पन्न. देणारा धनी राहतो आणि बंडावा केला तर काढूनही घेतो. तहातल्या त्या कलमाचे वेगवेगळे पाठ न्यायालयापुढे होते. न्यायालयाने ते पाहून म्हटलं की या भाषेतून सार्वभौमत्व दिलं असं निघत नाही. मराठ्यांना खरोखर मुलूख कायमचा तोडून द्यायचा असे तेव्हा ते तहात तसे स्पष्ट शब्द घालत, आणि ते इथे नाहीत. अठराव्या शतकातल्या पुण्याच्या कारकुनाने कोणता शब्द घातला आणि कोणता घातला नाही, हे हेगला तपासलं गेलं.

अर्थात गोष्ट तिथेच संपत नाही. पुढे इंग्रज आले, त्यांनी पोर्तुगीजांची सत्ता तिथे मुकाट्याने मानली, आणि तो व्यवहार सव्वाशे वर्षं चालला. म्हणून १२ एप्रिल १९६० च्या निकालात खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यापुरता पोर्तुगालचा वहिवाटीचा हक्क मान्य झाला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रं यांच्यासाठी तो नाकारला. १९५४ मध्ये भारताने वाट अडवली त्यातही भारताचा दोष धरला नाही.

त्यामुळे तळकोकणी, शब्द कानाला बरा वाटतो का हे नंतर बघा. तो कुणाचा हक्क कबूल करतो हे आधी बघा.

शब्दवेल्हाळ
मोडीवाचक, उत्तम माहिती. पण यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. त्या कारकुनाने वापरलेले शब्द घडीव होते, घरगुती नव्हते. कायद्याला घडीव शब्दच लागतात.

मोडीवाचक
घडीव शब्दाने काय करता येतं ते सालाझारने दाखवलंच आहे. १९५१ ला त्याने घटना दुरुस्त केली आणि 'वसाहती'चे 'सागरपार प्रांत' केले. कारभार तोच, राज्यपाल तोच, तुरुंग तेच. पण १९५५ च्या डिसेंबरात पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांत गेला आणि त्याला विचारलं की तुमच्या ताब्यात स्वशासन नसलेले प्रदेश आहेत का, तर उत्तर आलं: नाहीत, आमचे फक्त प्रांत आहेत. त्याच महिन्यात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या मंत्र्यांबरोबरच्या संयुक्त निवेदनात 'पोर्तुगीज प्रांत' हा शब्द वापरला आणि इकडे केवढा संताप झाला! १५ डिसेंबर १९६० ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १५४२ क्रमांकाच्या ठरावात यादीच दिली, अंगोला, मोझांबिक, मकाव, तिमोर यांच्याबरोबर गोव्याचीही, आणि सांगितलं की हे प्रांत नाहीत. पुढच्या वर्षी १८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत शस्त्रसंधी आणि माघारीच्या ठरावाला सात मतं पडली, विरोधात चार, आणि सोव्हिएत नकाराधिकाराने तो पडला. तिथेही भारताने हा वसाहतवादाचा प्रश्न म्हणूनच मांडला. 'प्रांत' चालवून घेतला असता तर ती मांडणीच करता आली नसती.

माशेलकाठ
'काबीज' कुणालाच कसा सुचला नाही? आम्ही फोंड्याचे लोक नव्या काबिजादीतले. तिसवाडी, बार्देश, साष्टी ही जुनी काबिजाद, आणि पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण ही नवी. पोर्तुगीज स्वतःच आपल्या मुलखाला 'कोंकिश्ताश' म्हणजे जिंकलेला मुलूख म्हणत, आणि आपल्या लोकांनी त्याचं 'काबिजाद' केलं. ज्यांनी नावातच 'जिंकून घेतलं' असं लिहून ठेवलं त्यांनी पुढे 'प्रांत' म्हणावं, याची मला चीड येते. माझ्या मते 'काबिजाद' हा 'कोंकिश्ता'चाच आपल्या जिभेवर झालेला अपभ्रंश आहे.

शब्दवेल्हाळ
अपभ्रंश कसला? 'काबीज' सरळ अरबी 'कब्ज'वरून आला. 'कब्जा' त्याचाच भाऊ. पोर्तुगीज यायच्या आधीपासून दख्खनच्या दरबारात तो होता.

माशेलकाठ
'काबीज' अरबी, मान्य. पण शेवटचा 'आद' कुठून आला? मराठीत 'काबिजाद' गोव्याबाहेर दाखवा एक तरी.

पेडणेकरीण
आमचा पेडणे महाल सावंतवाडीकरांनी १७८८ ला तहात दिला, काबीज कुणी केला नाही. तरी आम्ही नव्या काबिजादीतच. तेव्हा शब्दाच्या व्युत्पत्तीवरून इतिहास ठरवू नका.

तळकोकणी
मंडळी, फलक छापायला द्यायचाय. आत्तापर्यंत खालसा, समावेशन, काबीज आणि 'विलीनीकरण मुळीच नको' एवढं हाती लागलंय. शेवटच्या फलकावर ३१ डिसेंबर १९७४ चा करारही आहे, यशवंतराव चव्हाण आणि मारिओ सोआरेश यांच्या सह्यांचा. त्यात पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व मान्य केलंय, हे प्रदेश भारताचे भाग झाले त्या-त्या तारखेपासून. दोन्ही फलकांवर जुळेल असं काही सांगा. शिवाय १९६७ ला 'सार्वमत' लिहिलंय, ते तरी ठीक ना?

मोडीवाचक
करारात 'भाग झाले' आहे ना? मग निकालाच्या फलकावर 'भारताच्या प्रदेशात समाविष्ट केले' असं वाक्यच लिहा. दरवेळी नामच कशाला हवं?

रेडीबंदर
वाक्याने कोर्टाची धार जाते. 'खालसा'वर मी ठाम आहे.

पेडणेकरीण
'सार्वमत' अजिबात नको! आपल्या घटनेत सार्वमताची सोयच नाही. संसदेने १९६६ ला वेगळा कायदा केला आणि त्याच्या नावातच 'ओपिनियन पोल' होतं. मराठीत तो 'जनमत कौल', आणि तेच बरोबर. कौल मागितला जातो, द्यायचा तो देणारा देतो. आमच्याकडे देवळात कौल लावतात तेव्हा मूर्तीला पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मतपत्रिकेवर फूल आणि पानं आली तेव्हा आमच्या आजीला ते मुद्दाम केल्यासारखंच वाटलं होतं.

शब्दवेल्हाळ
देवळातला कौल आणि शिवकाळात रयतेला अभय देणारा 'कौल' एकच. अरबी 'कौल' म्हणजे दिलेला शब्द, वचन. म्हणजे कौल देणाऱ्याला बांधून घेतो. जनमत कौलाने जनता बांधली गेली की सरकार, ते आधी ठरवा.

रेडीबंदर
आमच्याकडे पाकळीच्या कौलाला 'प्रसाद' म्हणतात आणि कौल तांदळाचा असतो. पेडण्यात दोन्ही एकच धरतात का? आणि एकाच प्रश्नाला पुन्हा कौल लावता येतो का? आमचे गुरव नाही म्हणतात.

पेडणेकरीण
आमच्या गावात लावतात. पण गाऱ्हाणं पुन्हा घालूनच.