मदत हवी आहे: आईच्या मेडिक्लेमचं बघायला कोणाला पुढे करू?

नमस्कार मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे विचारतेय. पॉलिसी आईच्याच नावावर आहे, नॉमिनी मी. मागच्या महिन्यात तिचं ऑपरेशन झालं, क्लेमवर कंपनीने क्वेरी काढली, मी फोन केला तर पलीकडची बाई म्हणते पॉलिसीहोल्डरला लाइनवर द्या. आई नुकती ओटीतून बाहेर आलेली, गुंगीत, तिच्याकडून जन्मतारीख वदवून घेऊ कशी? म्हटलं अहो मी नॉमिनी आहे, तर म्हणे मॅडम, नॉमिनीचा संबंध पॉलिसीहोल्डर गेल्यावर येतो. आई शेजारी कण्हतेय आणि ही असं बोलते! फोन आपटावासा वाटला, पण बाईचं बरोबर होतं हे नंतर कळलं. त्यात ओटीपी जाणार आईच्या मोबाईलवर आणि तो घरी कपाटात, स्विच ऑफ.

आता आई बरी आहे, सही करू शकते, तेव्हा आईच्या वतीने कंपनीशी बोलायचं अधिकारपत्र आत्ताच करून ठेवायचंय. पण कोणाच्या नावाने? मी लांब राहते. धाकटा भाऊ जवळ आहे, आईसाठी रात्रभर जागेल, पण पावती दिली की ती जीन्सच्या खिशातून थेट वॉशिंग मशीनमध्ये जाते. एजंट काका म्हणतात कोऱ्या फॉर्मवर सही द्या, बाकी मी बघतो. माणूस वाईट नाही हो, पण कमिशन कंपनीकडून घेणारा माणूस आपल्या बाजूने कंपनीशी कितपत भांडेल? शिवाय आपले रिपोर्ट त्यांनी बघावेत हे आईलाच नकोय.

प्रतिसाद १: कोऱ्या फॉर्मवर सही अजिबात नको!! बाबांच्या वेळी आम्ही दिली होती आणि मग कशाकशाला हो म्हटलंय तेच कळेना. पत्रात पॉलिसी नंबर, नक्की कुठली कामं (चौकशी, कागद देणं, क्लेम नाकारला तर अपील), कधीपर्यंत, सगळं लिही आणि पैसे मात्र आईच्याच खात्यात येऊ देत. नंतर नको वाटलं तर आई लेखी कळवून अधिकार काढून घेऊ शकते. माझं मत विचारशील तर कोणाशी बोललो, किती वाजता, तक्रार नंबर काय हे वहीत लिहिणारा माणूस निवड, जवळ राहतो की लांब ते नंतर बघू, बरंचसं काम फोन-ईमेलवरच होतं.

प्रतिसाद २: हॉस्पिटलमधून केस पेपर काढायला वेगळी संमती मागू शकतात, तीही आत्ताच लिहून घ्या. आणि उपचाराचे निर्णय कोण घेणार हा प्रश्न वेगळा, या पत्राने तो अधिकार मिळत नाही. साध्या मुखत्यारपत्राच्या भरवशावरही राहू नका, बऱ्याच ठिकाणी माणसाला समज उरली नाही की ते गळून पडतं, वकिलाला विचारा.

धागाकर्ती: थँक्यू दोघांना. आईलाच विचारलं शेवटी (आधीच विचारायला हवं होतं). म्हणाली कागद तू बघ, हॉस्पिटलात तो धावेल, फक्त माझे रिपोर्ट घरभर फिरवू नका. पण फॉर्मवर एकाच नावाची जागा आहे. मी फोन उचलू शकले नाही तर भाऊ, असं सोबत वेगळं पत्र जोडून कोणी दिलंय का? कंपनीने घेतलं का?