विषय: २०१२ची आउटबॅक घ्यावी का? १,१८,००० मैल

अनिकेत (रॉचेस्टर) :

नमस्कार मंडळी,

आम्ही जूनमध्ये टेक्सासहून मिनेसोटात आलो. श्वेताला रात्रपाळी असते. पहाटे ती घरी निघते तेव्हा रस्त्यावरचा बर्फ काढलेला नसेल असं सगळे सांगताहेत, म्हणून जुनी ऑल-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद देणारी) गाडी शोधतोय. बजेट नऊ हजार डॉलर. एका डीलरकडे २०१२ची सुबारू आउटबॅक, २.५ लिटर इंजिनची बघितली, सीव्हीटी (ठरावीक गिअरऐवजी सलग बदलत जाणारा) ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. आतून स्वच्छ आहे, चालवायलाही छान वाटली. आणखी दोन गिऱ्हाइकं आहेत, शनिवारपर्यंत सांगा, असं तो म्हणतो. घेऊन टाकू का?

श्रीकांत (सेंट पॉल) :

अनिकेत, गिऱ्हाइकं दोन असोत नाहीतर दहा, तू घाई करू नकोस. मिनेसोटात गाड्यांची वार्षिक तपासणी होत नाही, त्यामुळे खालून सडलेली गाडीसुद्धा बिनबोभाट रस्त्यावर असते. आणि जुन्या गाडीवर डीलरने द्यायची कायद्याची वॉरंटी ७५,००० मैलांपर्यंतच्या गाड्यांना आहे. तुझी त्यात बसत नाही. पैसे दिलेस की पुढचं सगळं तुझ्या गळ्यात. मेधा, तू सविस्तर लिही ना.

मेधा (डुलुथ) :

लिहिते श्रीकांतदादा.

अनिकेत, आधी साल बघ. २०१२च्या आउटबॅकमध्ये २.५चं जुनं ईजे इंजिन आहे, २०१३पासून एफबी आलं. एफबीला टायमिंग चेन (पिस्टन आणि वॉल्व्हची हालचाल जुळवून ठेवणारी साखळी) असते. ईजेला त्याच कामासाठी रबरी बेल्ट, आणि तो १,०५,००० मैलांना बदलायचा असतो. ही गाडी त्याच्या पुढे गेलीय. बेल्ट तुटला तर पिस्टन आणि वॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि इंजिनच कामातून जातं. ‘बदललाय’ असं तोंडी सांगितलेलं धरू नकोस, पावती माग. पावतीत वॉटर पंप, टेन्शनर आणि आयडलर पुली (बेल्ट ताणून आणि जागेवर धरणारे भाग) हेही दिसायला हवं. बेल्टसाठी सगळं उघडलेलंच असतं, तेव्हाच ते बदलून घेतात.

मग हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील. ईजेचं हे दुखणं सगळ्या मेकॅनिकांना पाठ आहे. हे बॉक्सर इंजिन आडवं असतं, म्हणून गळती हेड आणि ब्लॉकच्या सांध्याला, खालच्या कडेने होते. हूड उघडून वरून काही दिसत नाही. गाडी लिफ्टवर चढवून टॉर्च मारावा लागतो. तेलाचा नुसता ओलावा असेल तर गाडी बराच काळ तशीच चालते, पण कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) सुकल्याचे डाग दिसले तर मोठा खर्च समोर आलाय असं समज. इंजिन धुऊन चकाचक केलेलं असेल तर जास्त बारकाईने बघ. जाण्याआधी फोन करून सांग की इंजिन गार असू दे, आधी सुरू करून ठेवू नका. मग गाडी पुरती तापेपर्यंत चालव आणि बाजूच्या कूलंटच्या बाटलीत बघ. बुडबुडे किंवा काळपट तवंग दिसला तर तिथूनच परत ये.

सीव्हीटीचं थोडक्यात सांगते. या गाड्यांसाठी कंपनीने तिची वॉरंटी १० वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवली होती. ती मुदत आता संपली, आणि बदलायची वेळ आली तर काम हजारो डॉलरचं आहे. तापलेल्या गाडीत सिग्नलला थांबताना इंजिन गचके देत बंद पडू बघतंय का, ते पाच-सहा वेळा थांबून तपास.

सगळ्यात जास्त मला टायरबद्दल सांगायचंय, कारण तिकडे कोणी बघतच नाही. चारही चाकं एकमेकांना जोडलेली असतात. एक टायर नवा आणि तीन झिजलेले असले की नव्याचा घेर मोठा, त्यामुळे चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि तो फरक ट्रान्स्मिशनमधला (गिअरबॉक्समधला) क्लच दिवसरात्र सोसत राहतो. चारही टायरच्या घेरात पाव इंचापेक्षा जास्त फरक नको असं सुबारू सांगते. म्हणून खाली वाक आणि चारही टायरवरची नावं वाच. टायरच्या बाजूला ‘डीओटी’ अक्षरांपुढे जो क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे बघ. ३४१९ म्हणजे टायर २०१९च्या ३४व्या आठवड्यात बनलाय. मग रिकाम्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरव, दोन्ही बाजूंनी. मागून कुणी धरून ठेवल्यासारखी गाडी अडखळली तर नको ती गाडी. टकटक आवाज आला तर सीव्ही जॉइंट (चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा सांधा) गेलाय, तो तुलनेने स्वस्तात होतो.

आणि गंज. आपल्याकडे रस्त्यावर मीठ टाकतात, ते मागच्या सबफ्रेमला (मागच्या चाकांचा भार घेणाऱ्या सांगाड्याला) आणि ब्रेकच्या नळ्यांना खातं. खालून ताजा काळा लेप मारलेला दिसला तर मेकॅनिकला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघायला सांग. हे सगळं डीलरचा नव्हे, आपला मेकॅनिक करेल. शे-दीडशे डॉलर लागतील. ते द्यायला मागेपुढे बघू नकोस.

अनिकेत :

मेधाताई, आज परत जाऊन आलो. तीन टायर २०१८चे एका कंपनीचे, पुढचा उजवा २०२३चा दुसऱ्याच कंपनीचा. बेल्टची पावती नाही. बाहेरच्या मेकॅनिककडे न्यायची म्हटलं तर डीलर नाही म्हणाला, आम्ही तपासलीय म्हणे. गोल फिरवताना मात्र मला काही जाणवलं नाही.

मेधा :

सोडून दे ती. टायरचंही मी एक वेळ समजून घेतलं असतं. किंमत कमी करून घेऊन चारही नवे घालता आले असते, बेल्टही करून घेता आला असता. पण जो लिफ्टवर चढवू देत नाही त्याच्याकडून गाडी घ्यायचीच नाही.

सुबारूच हवी असेल तर २०१३पासूनची आउटबॅक किंवा २०११पासूनची फॉरेस्टर बघ. फक्त त्या सुरुवातीच्या एफबी इंजिनांपैकी काही तेल पितात, तेव्हा डिपस्टिक काढून बघ आणि तेल बदलल्याच्या पावत्या माग. २०१२ ते १४ची होंडा सीआर-व्हीही तुमच्या बजेटमध्ये मिळू शकेल. तिच्या मागच्या डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचं) तेल जुनं झालं की वळताना घुरघुर येते, ती बहुतेक वेळा तेल बदलल्यावर जाते. काहीही घेतलंस तरी विंटर टायरचे पैसे त्या नऊ हजारांतूनच बाजूला काढ. ऑल-व्हील ड्राइव्हने गाडी बर्फातून निघते, पण ब्रेक दाबल्यावर त्याचा काही उपयोग नाही, आणि श्वेताला पहाटेच्या निसरड्या चौकात थांबायचंही आहे.

पुढची गाडी बघशील तेव्हा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) मला वेगळा पाठव. एनएचटीएसएच्या (सरकारी वाहन सुरक्षा संस्थेच्या) साइटवर रिकॉल (दोष दुरुस्तीसाठी कंपनीने गाडी परत बोलावणं) बाकी आहेत का ते बघून देते. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांना तकाता कंपनीच्या एअरबॅगचं रिकॉल आहे, आणि ते काम कंपनीचा डीलर फुकट करून देतो.