प्रतिसाद: मुंबईतली ट्रिप गिल्बर्ट हिलवर संपत नाही

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की मंडळाच्या सभासदांना दगड दाखवायचे तर सरळ घाटात न्या, मुंबईत गिल्बर्ट हिल (अंधेरीतला लाव्हाच्या उभ्या दगडी खांबांचा कडा) सोडून आहे काय. घाटाबद्दल मान्य, पण दुसरं अजिबात पटत नाही. घाटात लाव्हाचे थर जवळजवळ आडवे दिसतात आणि मुंबईत तेच थर पश्चिमेला, समुद्राकडे कललेले आहेत, हा फरक दोन्ही जागा पाठोपाठ बघितल्याशिवाय डोक्यात बसतच नाही. आमच्या मंडळाच्या ट्रिपला आदल्या दिवशी माळशेज करून दुसऱ्या दिवशी इथे फिरलो तेव्हा शाळकरी पोरांनीसुद्धा आपणहून विचारलं की इथे सगळं तिरकं का.

आणि वरळी कशी विसरलात? तिथे लाव्हाच्या दोन थरांमध्ये जुन्या तळ्याचा गाळ सापडलाय, त्यात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म, ज्यांना इंग्रज जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेनने १८४७ मध्ये नाव दिलं! आता त्यावर बिल्डिंगी आहेत, बघायला फारसं उरलं नाही, तरी त्या टेकडीवर उभं राहून हे सांगाच, कारण दोन उद्रेकांच्या मध्ये इथे तळं होण्याइतका निवांत काळ गेला हे लोकांना माहीतच नसतं. फक्त कृपा करून दगड फोडायच्या हातोड्या घरी ठेवायला सांगा.