देवाची प्रीती कमवायची नसेल, तर दशांश आणि उपास कशासाठी?

पारिजात:
माझे बालपण अहिल्यानगर जिल्ह्यातील एका खेड्यात गेले. तीन पिढ्यांचे ख्रिस्ती घर असल्यामुळे शब्बाथ शाळेत पाठ केलेली वचने आजही तोंडावर आहेत, आणि तारण, म्हणजे पापापासून सुटका, कृपेने, विश्वासाच्या द्वारे होते, कर्मांनी नव्हे, हे बायबलमधील इफिसकरांस पत्रातील वचन मी झोपेतही म्हणून दाखवीन. प्रत्यक्षात मात्र रविवारची उपासना चुकली किंवा सकाळची प्रार्थना राहिली, की दिवसभर मनात धाकधूक असते, आणि नेमके त्याच दिवशी काही विपरीत घडले तर त्याचा संबंध मी त्या चुकण्याशी जोडते. मागील वर्षी एका मेळाव्यात बाहेरून आलेल्या वक्त्यांनी सांगितले, की ज्यांच्या घरातील आजारपण हटत नाही त्यांनी आपला दशांश, म्हणजे मंडळीला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग, तपासून पाहावा. माझ्या आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. घरी आल्यावर ती खर्चाची वही घेऊन बेरजा करीत बसली. देवाची प्रीती फुकट मिळते असे एकीकडे शिकवायचे आणि दुसरीकडे तिचे हप्ते ठरवून द्यायचे, यांची सांगड कशी घालावी?

नगरी:
सांगड घालण्याचा प्रयत्न करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण इफिसकरांचे ते पत्र ज्याच्या नावे आहे त्या प्रेषित पौलाने तो केलेला नाही. गलतीकरांस लिहिलेले पत्र याच वादातून जन्मले. तेथील मंडळ्यांत नंतर आलेल्या काही शिक्षकांचे म्हणणे ख्रिस्ताला सोडा असे नव्हते. ख्रिस्तावर विश्वास ठेवाच, पण परराष्ट्रीयांनी, म्हणजे यहूदी नसलेल्यांनी, सुंताही करून घ्यावी, म्हणजे देवाच्या लोकांत त्यांची गणना पक्की होईल, एवढेच ते सांगत होते. ही भर वरवर किरकोळ वाटते, आणि पौल तिच्यावर इतका संतापतो की इतर पत्रांच्या आरंभी असते तशी उपकारस्तुतीही या पत्रात येत नाही. विश्वासाला एक जरी अट जोडली, तरी भरवसा त्या अटीवर जाऊन बसतो आणि ख्रिस्त नावापुरता उरतो, हे त्याने ओळखले होते.

दुसऱ्या अध्यायातील अंत्युखियाचा प्रसंग सावकाश वाचावा. येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांच्या पंक्तीला बसून जेवत असे. यरुशलेमेतील मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसे आली तेव्हा तो सुंता झालेल्यांच्या भीतीने मागे सरला, इतर यहूदी त्याच्यामागे गेले, पौलाचा सहकारी बर्णबासुद्धा ओढला गेला, आणि पौलाने पेत्राला सर्वांदेखत तोंडावर विचारले. पेत्राने कोणतीही चुकीची शिकवण दिली नव्हती, तो फक्त पानावरून उठला होता. देवाने ज्याला विनाअट स्वीकारले, त्याच्याशेजारी बसायला तुम्ही अट घालता, म्हणजे त्या स्वीकारावर तुमचा विश्वास नाही, असा पौलाचा युक्तिवाद आहे. (लग्ने जुळवताना हळूच पूर्वीची जात विचारणाऱ्या आपल्या मंडळ्यांनी हा अध्याय दरवर्षी वाचावा.)

दशांशाविषयी बोलायचे तर दशांश आणायला सांगणारी, जुन्या करारातील मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातील वचने मोशेच्या नियमशास्त्राखालील इस्राएलाला उद्देशून आहेत. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या व नवव्या अध्यायांत पौल यरुशलेमेतील गरजू विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी मागतो, तेव्हा तो टक्केवारी सांगत नाही, उलट दुःखी मनाने किंवा भाग पडले म्हणून देऊ नये, असे लिहितो. आजारपणाची भीती घालून काढलेला दशांश हा भाग पाडूनच घेतलेला पैसा असतो. आपल्या आईंना हे दोन अध्याय अवश्य वाचून दाखवा.

वसईकर:
आम्ही कॅथलिक म्हणजे कर्मांवर भिस्त ठेवणारे, असा एक समज अशा चर्चांत नेहमी डोकावतो, म्हणून लिहितो. 1547 साली कॅथलिकांच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने प्रोटेस्टंट सुधारक ल्युथरच्या मतांचा प्रतिवाद केला हे खरे, परंतु देवापुढे नीतिमान ठरण्याच्या कृपेआधी येणारी कोणतीही गोष्ट, विश्वास असो वा कर्मे, त्या कृपेला पात्र करीत नाही, हे त्याच परिषदेने नमूद केले आहे. पुढे 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक चर्च आणि ल्युथरन जागतिक महासंघ यांनी या विषयावरील संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. मतभेद सगळे मिटले नाहीत, पण मूळ मुद्द्यावर एकमत नोंदले गेले.

प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, आमच्या घरी शुक्रवारी मांस-मच्छी शिजत नाही. वसईत मासळी सोडणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. तरी त्यातून देवाची मर्जी संपादन होते असे धर्मगुरूंनी आम्हाला शिकवले नाही. वाचलेले पैसे गरजूंसाठी बाजूला ठेवायला शिकवले. याकोबाच्या पत्रालाही बगल देऊ नये. भाऊ किंवा बहीण उघडी असताना, तिच्याजवळ रोजचे अन्न नसताना ‘ऊब घ्या, तृप्त व्हा’ असे नुसते म्हणणारा विश्वास निर्जीव आहे, असे तो लिहितो. ‘प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास’ असे पौल गलतीकरांनाच लिहितो, तेव्हा दोघांत मला विरोध दिसत नाही.

पारिजात:
दोघांचेही आभार. एक शंका मात्र उरते. भीती काढून घेतली, तर माणसे काही करतील का? आमच्या मंडळीतील वडीलजनांना खरी धास्ती हीच आहे.

केडगाव-मार्गे:
या धास्तीचे उत्तर पंडिता रमाबाईंच्या चरित्रात शोधावे, असे मी सुचवीन. आईवडिलांबरोबर पायी तीर्थयात्रा, पुराणवाचन आणि व्रते यांत त्यांचे बालपण गेले. 1883 साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, परंतु आपल्या साक्षीत त्या लिहितात, की ख्रिस्ताचा धर्म आपल्याला मिळाला होता, स्वतः ख्रिस्त मिळाला नव्हता. हे ध्यानी यायला आणखी सुमारे आठ वर्षे गेली. या काळात त्या स्वस्थ बसल्या होत्या असेही नाही, 1889 साली मुंबईत विधवांसाठी त्यांचे शारदा सदन सुरू झाले होते. इतके सत्कार्य हाताशी असतानाही मनाला शांती नव्हती, हे विशेष आहे.

वडीलजनांना दाखवावा तो पुढचा भाग. काही कमवायचे उरले नाही हे उमगल्यावर रमाबाईंचे काम आटले नाही. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, तेथील उपाशी मुली-स्त्रियांना घेऊन आल्या, केडगावला मुक्ती सदन उभे राहिले, आणि बायबलचे मराठी भाषांतर त्या 1922 मध्ये मृत्यू येईपर्यंत करीत राहिल्या. भीती दाखवून वर्गणी गोळा होते, हे मान्य. दुष्काळी मुलखात जाऊन परक्यांच्या पोरी घरी आणण्याचे बळ भीतीतून आल्याचे मला तरी ठाऊक नाही.