मदत हवी आहे: पंधरा वर्षांच्या मिडफिल्डरला कौतुकापासून कसं जपायचं?

नमस्कार मंडळी. माझा भाचा कोल्हापुरात फुटबॉल खेळतो, मिडफिल्डला, म्हणजे मैदानाच्या मधल्या फळीत. बॉल पायात येण्याआधीच मान वळवून आजूबाजूला बघून घेतो, दोन्ही पायांनी पास देतो. पोरगं खरंच चांगलं आहे. पण आपल्याकडे फुटबॉल म्हणजे पेठांचा जीव की प्राण! शाहू स्टेडियमवर त्याला सीनियर संघातून उतरवायची भाषा आत्ताच सुरू झाली आहे. त्याच्या रील्स फिरताहेत, खाली 'पुढचा अनिकेत जाधव' अशा कमेंट्स. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, त्याचा अभिमान आहेच. पण तो फॉरवर्ड, म्हणजे पुढे राहून गोल करणारा; हा मिडफिल्डर. तुलना कशाला?

मला खरी काळजी सामन्यांची वाटते. बार्सिलोना आणि स्पेनचा मिडफिल्डर पेड्री, त्याने २०२०-२१ च्या हंगामात, अठराव्या वर्षी, क्लब आणि देश मिळून ७३ सामने खेळले. पुढच्या हंगामात मांडीच्या दुखापतींनी त्याला बराच काळ बाहेर बसवलं. तिथे डॉक्टर, फिजिओ सगळे असतात. इथे पोराची उंची भराभर वाढतेय, सामन्यानंतर गुडघ्याखाली दुखतं आणि तरी तो नाही म्हणत नाही.

ज्यांनी मुलं घडवली आहेत त्यांनी कृपया सांगा: या वयात आठवड्याला किती सामने पुरेत? धिप्पाड सीनियर्समध्ये खेळवावं, की अजून वयोगटातच ठेवावं? आणि संघ चालवणाऱ्या तालमीतल्या वडीलधाऱ्यांना न दुखावता 'यंदा नको' कसं सांगायचं? ताई-भावोजींना हे बोलायचं अवघड जातंय.