प्रोफाइल विमान: टेल हेवी वाटतंय आणि लूपमध्ये उजवीकडे पडतंय, शिसं लावू की रिपेअर उचकटू?

उलटी_गिरकी
मंडळी जरा मदत करा. एक सेकंडहँड प्रोफाइल (म्हणजे फळीसारखी सपाट बॉडी असलेलं) रिमोटचं ॲरोबॅटिक मॉडेल विमान हाती आलंय, बाल्साच्या हलक्या लाकडाचं, विंगस्पॅन एक मीटर, बॅटरीसकट वजन 900 ग्रॅमच्या आसपास, बॅटरी 3 सेल 2200 एमएएच. आधीच्या मालकाकडे ते विंग आणि टेलच्या बरोबर मध्ये मोडलं होतं, त्याने दोन्ही बाजूंनी प्लायच्या पट्ट्या मारून वर भरपूर एपॉक्सी ओतलाय. मजबूत आहे, त्यात वादच नाही. पण उडवताना नुसता वैताग, एलिव्हेटरला (नाक वर-खाली करणारी टेलची फळी) बोट लागायचा अवकाश की नाक उधळतं, उलटं केलं तर डाउन द्यावा लागायच्या ऐवजी ते आपणहून वर चढतं आणि टाइट लूप मारला की दर वेळी उजवा पंख खाली टाकून बाहेर येतं. प्लॅन नाहीये त्यामुळे सीजी (विमानाचा तोलबिंदू) कुठे हवा तेही कळत नाही. नाकात शिसं लावून भागेल का?

थ्रॉटल_कट
भागेल की. शिसं चिकटव आणि उडव, एवढं काय त्यात. छोटं मॉडेल आहे, 30 ग्रॅमने काही आभाळ कोसळत नाही.

बाल्साचा_भुसा
कोसळत नाही पण विमानाची मजा जाते ना राव. हिशोब करून बघा, समजा त्या प्लाय आणि एपॉक्सीचं मिळून 18 ग्रॅम वजन आहे आणि ते सीजीच्या मागे 35 सेंमीवर बसलंय, म्हणजे 18 गुणिले 35, 630. ते सीजीच्या पुढे नाकात 20 सेंमीवर तोलायचं तर साडेएकतीस ग्रॅम शिसं लागेल, म्हणजे एका जोडापायी विमान 50 ग्रॅमने जड. प्रोफाइल विमानाचा सगळा जीव हलकेपणात असतो, लँडिंग स्पीड वाढतो, हॅरियर (नाक वर धरून अगदी हळू उडणं) करताना पंख डुलायला लागतात. शेपटीतला एक ग्रॅम काढणं हे नाकात दीड-दोन ग्रॅम घालण्यापेक्षा कधीही परवडतं.

सीजीला प्लॅन लागत नाही. विंग टेपर (टोकाकडे निमुळती) असेल तर रूट कॉर्ड आणि टिप कॉर्ड मोजा, म्हणजे बुडाशी आणि टोकाशी पंखाची पुढून मागे रुंदी. समजा 30 आणि 20 सेंमी, तर सरासरी कॉर्ड 25.3 सेंमी येते आणि ती मध्यरेषेपासून साधारण 23 सेंमीवर सापडते. तिथल्या लीडिंग एजपासून (पंखाच्या पुढच्या कडेपासून) मागे 25 ते 30 टक्के मोजा, म्हणजे 6.3 ते 7.6 सेंमी. सुरुवात इथून करायची. थ्रीडी (हॅरियरसारखे स्टंट) करणारे 35 टक्क्यांपर्यंत मागे नेतात पण ते ज्याच्या त्याच्या अंगठ्यावर आहे. रूटला मोजून मोकळे होऊ नका, लीडिंग एज मागे झुकलेली असेल तर तिथे चुकीचा आकडा येतो.

मग हवेत टेस्ट. 45 अंशात वर चढवा, अर्धा रोल करून उलटं करा आणि स्टिक सोडा. रेष तशीच राहिली किंवा अगदी हळू खाली वाकली की झालं. वर चढायला लागलं तर शेपूट जड, तुमचं आत्ता हेच चाललंय.

रडरवाली
भुसा दादा म्हणतात ते सीजीचं झालं, पण लूपमध्ये उजवीकडे पडतंय त्याचा सीजीशी संबंध नाही, ते बहुतेक डाव्या-उजव्या बॅलन्सचं आहे. प्रोफाइलला पोटात जागाच नसते त्यामुळे बॅटरी एका गालाला टांगलेली असते, ग्लो इंजिन (इंधनावरचं छोटं इंजिन) असेल तर सिलिंडरही एका बाजूला बाहेर. तुमची बॅटरी 180 ग्रॅम धरा, मध्यरेषेपासून 3 सेंमी उजवीकडे, आणि दुसऱ्या गालाला तेवढ्याच अंतरावर ईएससी (मोटरचा स्पीड कंट्रोलर) 35 ग्रॅमचा. 540 वजा 105, फरक 435 उरतो, डाव्या टिपला 48 सेंमीवर 9 ग्रॅम लावले की हिशोब फिटतो. आधी ईएससीबरोबर रिसीव्हरही डावीकडे नेऊन बघा, म्हणजे तेवढं वजन वाचेल. बॅटरी लावून स्पिनर आणि टेल दोन बोटांवर धरा, कुठला पंख पडतो ते लगेच दिसतं.

अजून एक, हे नक्की वजनच आहे की विंगला पीळ आहे ते ओळखायची सोपी खूण: सरळ उडताना एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या फळ्या) ट्रिम करून विमान लेव्हल करा, मग उलटं करा. पीळ असेल तर उलटंही लेव्हलच राहतं. उजवा पंख जड असेल तर उलट्यात तो दुप्पट जोराने खाली जातो, कारण वजन खाली ओढतंच आणि वर तुम्ही दिलेला ट्रिमही त्याच दिशेला काम करतो.

उलटी_गिरकी
मोजलं. सीजी 38 टक्क्यांवर आहे 🙈 आणि बोटांवर धरलं तर उजवा पंख धाडकन खाली, बॅटरी उजव्याच गालाला आहे. पट्ट्या उचकटतोय. पण मग जोड हलका कसा करायचा, आणि करताना वाकडा होऊ नये म्हणून काय?

बाल्साचा_भुसा
प्लाय उपटू नका, बाल्साचे लचके निघतील, सँडिंग ब्लॉकने घासून पातळ करत जा. एपॉक्सी मुरलेला बाल्सा सरळ कापून टाका आणि नवा तुकडा तिरका जोड देऊन बसवा, जाडीच्या आठ-दहा पट लांब, 10 मिमीच्या फ्युजलाजला (बॉडीला) 8 ते 10 सेंमी. तिरक्या जोडात चिकटायला जागा भरपूर मिळते म्हणून बाहेरून पट्टीच लागत नाही. एपॉक्सी 30 मिनिटवाला घ्या, 5 मिनिटवाल्यात सरळ करेपर्यंत तो घट्ट होतो. खाली प्लास्टिक अंथरून सपाट टेबलावर झोपवा आणि वर वजन ठेवा.

प्रोफाइल बॉडी आडवी वाकते आणि पिळली जाते, दोन वेगळे आजार. वाकण्यासाठी दोन्ही गालांवर लांबीच्या दिशेने 3 मिमी रुंद कार्बन पट्टी खाचेत बसवा. पिळण्यासाठी चौरस मीटरला 25 ग्रॅमचं ग्लास कापड, धागे 45 अंशात ठेवून, आणि एपॉक्सी टिश्यूने जवळजवळ पुसून काढायचा. पट्ट्यांची टोकं एकाच रेषेत संपवू नका, पुढेमागे ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी नेमकं तिथेच मोडेल.

रडरवाली
वाळायच्या आधी फिनच्या (उभ्या शेपटीच्या) मागच्या कडेपासून दोन्ही विंगटिपपर्यंत दोरा लावून बघा, सारखा भरला पाहिजे. मागून बघून विंग आणि स्टॅब (आडवी शेपटी) समांतर आहेत का तेही. कव्हरिंग फिल्म लावताना दोन्ही बाजूंना इस्त्री आलटून पालटून फिरवा, एका बाजूला पूर्ण ताणली तर पातळ टेल वाकते आणि मग तुम्ही परत एपॉक्सीला दोष देणार.

थ्रॉटल_कट
बरं बाबा, शिसं राहू दे. पण बॅटरीचा वेल्क्रो पुढे सरकवून बघितला का? 180 ग्रॅम 3 सेंमी पुढे नेले तर सीजी 6 मिमी पुढे येतो, फुकटात.

उलटी_गिरकी
पुढे दोनच सेंमी जागा आहे, नंतर मोटर माउंट. जोड झाला की आधी तेवढं करतो, उरलं तर टेलचा सर्वो (टेलच्या फळ्या हलवणारी छोटी मोटर) हलका घेईन. तोवर एलिव्हेटरचे रेट (हालचालीची मर्यादा) कमी आणि 40 टक्के एक्स्पो (स्टिकच्या मध्याजवळ प्रतिसाद मऊ करणारं सेटिंग) टाकून ठेवलाय.